ठाण्यात १६ डिग्रीला शाल, विनिपेगमध्ये १० डिग्रीला हाफ पँट: थंडीचं नेमकं गणित काय?

डिसेंबर उजाडला की ठाण्यातल्या घराघरांत पंख्यावरून भांडणं सुरू होतात. एकाला पंखा तीनवर पाहिजे, दुसऱ्याला बंद पाहिजे, आणि तिसरं कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून ‘अरे निदान खिडकी तरी लावा’ म्हणून ओरडत असतं. आमच्याकडे तर हा सरळसरळ प्रादेशिक वाद आहे, कारण मी पनवेलची आणि नवरा निफाडचा, जिथे थंडी पडली की द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. त्यामुळे ठाण्याच्या थंडीला तो थंडी म्हणतच नाही. मी स्वेटर घातला की त्याला हसू येतं, आणि मे महिन्यात त्याचं डोकं फिरायला लागलं की मग माझी पाळी.

आता यात भर म्हणजे माझी मावसबहीण कॅनडात विनिपेगला आहे, तिची डिलिव्हरी ऐन हिवाळ्यात आहे आणि नौपाड्यातली मावशी बाळंतपणाला निघालीये. मावशीने मला एवढे प्रश्न विचारले की शेवटी म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू, म्हणजे आपल्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. थंडी वाजते म्हणजे काय होतं, एकाच खोलीत एकाला वाजते नि दुसऱ्याला का नाही, आणि पाच-पाच महिने बर्फात काढणारी माणसं ते कसं निभावतात.

सुरुवात शरीरापासून करू. नुसतं बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करत असतं, खाल्लेलं अन्न जाळून, सतत, झोपेतसुद्धा थोडी कमी पण चालूच. आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवायचं असतं, म्हणजे तयार झालेली उष्णता तेवढ्याच वेगाने बाहेर गेली पाहिजे. कमी गेली की उकडतं, जास्त गेली की थंडी वाजते. एवढंच आहे खरं तर. मोबाईलवर दिसणारा आकडा हा हवेचा आहे, तुमच्या अंगातून किती उष्णता जातेय हे तो सांगत नाही. उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा असं वाटायला हवा २८ ते ३० डिग्री लागते. आता ठाणे-मुंबईचं वर्षभराचं सरासरी तापमान बघा, २७ च्या आसपास. म्हणजे आपण जवळपास त्याच जागी राहतो जिथे माणसाला कपड्यांची फारशी गरजच नाही, आणि म्हणून थोडं खाली गेलं की लगेच कळतं.

उष्णता अंगातून जाते चार वाटांनी. पहिली स्पर्शातून: सकाळी अनवाणी पायाने लादीवर उभे राहिलात की पायातून कळ जाते, पण शेजारच्याच सतरंजीवर काही होत नाही, खरं तर दोन्हीचं तापमान सारखंच असतं, फक्त लादी पायातली उष्णता भराभर खेचते. दुसरी हवेच्या झोतातून, म्हणजे पंखा. पंख्याने खोलीतली हवा थंड होत नाही हो, तो फक्त अंगाला चिकटून बसलेला गरम हवेचा पातळ थर उडवून देतो, त्यामुळे दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं. तिसरी वाट घामाची वाफ होण्याची. आणि चौथी जी लोकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे अंगातून थेट भिंतीकडे जाणारी, हवेला न जुमानता. पश्चिमेच्या भिंतीला लागून पलंग असेल तर मे महिन्यात रात्री अकरालाही भिंत भाजते ती हीच, आणि थंड काचेच्या खिडकीपाशी बसलं की त्या बाजूचा खांदा गार पडतो तोही यामुळेच. आजीची गोधडी काम करते कारण जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी जाऊ देत नाही. लोकरीचं, पिसांच्या जॅकेटचं, सगळ्यांचं तंत्र हेच, आतली हवा हलू द्यायची नाही.

आता ‘वाटणं’. कातडीच्या खाली ज्या नसांची टोकं आहेत त्यांत गार आणि गरम ओळखणारी वेगवेगळी प्रथिनं असतात. गार ओळखणाऱ्या एकाचं नाव टीआरपीएम-८, आणि गंमत म्हणजे ते पुदिन्यातल्या मेन्थॉलनेही चालू होतं, म्हणून छातीला व्हिक्स चोळलं की गार वाटतं, प्रत्यक्षात तापमान काही उतरलेलं नसतं. मिरची तोंडात गेली की ‘भाजलं’ वाटतं तेही गरम ओळखणारं प्रथिन फसल्यामुळे. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या शोधासाठी आर्डेम पातापूतियान यांच्यासोबत विभागून. आपल्या कामाचा मुद्दा हा की या नसांना नुसत्या तापमानापेक्षा तापमानातला बदल जास्त टोचतो. हळूहळू उतरलं तर त्या सवय करून घेतात, झपकन उतरलं तर आरडाओरडा करतात.

आणि ठाण्याचा जानेवारी नेमका झपकन उतरणारा असतो. जुलैमध्ये दिवस-रात्रीत जेमतेम चार-पाच डिग्रीचा फरक, ढगांचं पांघरूण असतं ना वर. जानेवारीत आकाश मोकळं, वारा उत्तरेकडून आणि कोरडा, दुपारी ३१ आणि पहाटे १६, म्हणजे एका दिवसात पंधरा डिग्रीची उडी. दुपारी तलावपाळीला घाम पुसत आइस्क्रीम खाणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे येऊरला चालायला जातो तेव्हा कानटोपी घालतो यात काही चूक नाही. हवामान खात्यालाही हे मान्य आहे बरं का, थंडीच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली जावं लागतं, पण किनारपट्टीवर १५ किंवा त्याखाली गेलं आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने कमी असलं तरी पुरतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाची थंडी वेगळी, हे सरकारदरबारी नोंदवलेलं आहे, नवऱ्याला मी हे दाखवलंय. मुंबईचा नीचांक ७.४ डिग्री आहे, २२ जानेवारी १९६२ चा, सांताक्रूझचा. त्या दिवशी लोकांनी काय केलं असेल देव जाणे.

त्यात आपली घरं. ठाण्या-नवी मुंबईतली बिल्डिंग बांधताना एकच विचार असतो, उन्हाळा आणि पाऊस. एकेरी काचेच्या स्लायडिंग खिडक्या, फटींतून येणारी हवा, लादी, हीटर नाही. पहाटे बाहेर १६ असेल तर आत १९-२० आणि त्यातून सुटकाच नाही, आंघोळीला जाताना पण तेच, भांडी घासताना पण तेच. उलट टोरांटोत थंडीच्या महिन्यांत भाड्याच्या घरात किमान २१ डिग्री ठेवणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे कॅनडाहून डिसेंबरात आलेला पाहुणा आपल्याकडे पहाटे कुडकुडतो हे दृश्य वाटतं तितकं विचित्र नाही. त्याला बाहेरच्या उणे वीसची सवय आहे, घरातल्या एकोणिसाची नाही.

एकाच खोलीत दोघांना वेगळं का वाटतं, याचं मोठं कारण म्हणजे प्रत्येकाचा तो १०० वॅटचा आकडा सारखा नसतो. स्नायू जास्त तर उष्णता जास्त. बायकांचं शरीर सरासरीने कमी उष्णता तयार करतं, आणि थंडीत हातापायांकडचं रक्त लवकर आत ओढून घेतं, म्हणून आतून सगळं ठीक असलं तरी बोटं बर्फ. ऑफिसच्या एसीची गणितं १९६० च्या दशकात बसवली गेली ती साधारण ७० किलोच्या मध्यमवयीन पुरुषाला धरून. बोरिस किंग्मा आणि वाउटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट या डच संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवलं की या हिशोबात बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. ऐरोलीच्या आयटी पार्कात मे महिन्यात खुर्चीच्या पाठीला शाल लटकवून बसणाऱ्या पोरी नाटकं करत नाहीत, त्यांना खरंच थंडी वाजते.

पण इथे एक गोष्ट कानाआड करू नका. घरात सगळे ठीक आणि एकीलाच कायम थंडी वाजतेय, सोबत थकवा, केस गळणं, वजन वाढणं असं काही असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. ‘तिचं आपलं नेहमीचंच’ म्हणून सोडून दिलेल्या किती बायकांना स्वेटरच्या ऐवजी गोळीची गरज असेल विचार करा. पाळी जायच्या काळात उलटं होतं, शरीराला चालणारी तापमानाची पट्टीच अरुंद होते, त्यामुळे जराशा फरकाने एकदम अंगातून वाफा निघतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा गार. त्या बाईशी पंख्यावरून वाद घालू नये, तिच्या हातात रेग्युलेटर द्यावा. म्हाताऱ्या माणसांत अजून वेगळं, त्यांचं शरीर उष्णता कमी बनवतं आणि थंडीची जाणीवही उशिरा होते, म्हणून ‘मला काही नाही वाजत’ म्हणणाऱ्या आजोबांचे पाय एकदा हात लावून बघा.

मग सवयीचं काय? सवय होते, पण दोन्ही बाजूंनी सारखी नाही. उकाड्याची सवय शरीर चांगली करून घेतं, साधारण दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. थंडीची सवय तेवढी होत नाही, मुख्यतः कातडीची कुरकुर कमी होते. हां, एक आहे. आपल्या मानेपाशी, गळपट्टीच्या हाडाच्या वर थोडी तपकिरी चरबी असते जी साठवायच्या ऐवजी जाळून उष्णता बनवते. मोठ्या माणसांतही ती कामाला असते हे २००९ मध्ये पक्कं झालं, आणि पुढे जपानमधल्या एका प्रयोगात रोज दोन तास १७ डिग्रीत बसवल्यावर सहा आठवड्यांत तिचं काम वाढलेलं दिसलं. १७ डिग्री म्हणजे आपली जानेवारीतली पहाट! म्हणजे शाल जरा उशिरा काढली तर वाया काही जात नाही. आवडीनिवडीचा बराच भाग असा सवयीतून येतो. भारतातल्या ऑफिसांचा अभ्यास करून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या लोकांनी जे सूत्र काढलं त्यात एसी नसलेल्या इमारतीत लोकांना बरं वाटणारं तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे १९.६ पासून २८.५ पर्यंत सरकताना दिसलं, आणि आता ते राष्ट्रीय बांधकाम संहितेतही आहे. म्हणजे २२ डिग्रीच सगळ्यांना बारा महिने बरी वाटते हे एसीच्या खोलीतलं सत्य आहे, माणसांचं नाही.

घरातली भांडणं मिटवायची तर एक साधा नियम आहे, खोली सोडा आणि माणसाला धरा. ज्याला उकडतं त्याच्याकडे टेबल फॅन वळवा, ज्याला वाजते तिला पायात मोजे आणि मांडीवर गोधडी. एका पलंगावर दोन वेगळी पांघरुणं, यात संसाराला काही धोका नसतो. पाय गरम झाले की झोपही लवकर लागते. एसी २४ ला ठेवून पंखा लावला तर बहुतेकांचं भागतं, नव्या एसीला तर २०२० पासून सुरुवातीलाच २४ सेट करून देतात. सरकारी अंदाजाप्रमाणे दर डिग्रीमागे साधारण सहा टक्के वीज वाचते हे वीजबिल भरणाऱ्याला सांगून बघा, वाद निम्मा तिथेच संपतो.

आता मावशीचा विषय. विनिपेगला जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे २० च्या आसपास. ऐकून मावशीने पहिल्यांदा हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली ‘मग ती लोकं जगतात कशी?’ मस्त जगतात. कारण थंडी हा तिकडे अचानक येणारा पाहुणा नाहीये, सगळं गाव त्या हिशोबाने बांधलेलं आहे. भिंतींत जाड इन्सुलेशन, दुहेरी-तिहेरी काचा, दारात आधी एक छोटी खोली जिथे बूट-जॅकेट उतरवायचे. पार्किंगमध्ये प्रत्येक जागेला प्लगपॉइंट असतो कारण गाडीच्या इंजिनला रात्रभर हीटर लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी गाडी सुरूच होत नाही. शहराच्या मधल्या भागात इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल, टोरांटोत तर जमिनीखाली तीस किलोमीटरचे रस्ते आणि दुकानं. आपल्याकडचे आगरी-कोळी लोक आगोटीची बेगमी करतात ना, सुकी मासळी, मसाले, लाकूडफाटा, होडीवर आच्छादन, पाऊस येणारच आहे तर त्याच्यावर चिडण्यापेक्षा तयारी करायची, तसंच हे. काश्मीरमध्येही तेच आहे, २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, त्याच्या आधीच उन्हाळ्यात वांगी, दुधी, टोमॅटो वाळवून ठेवतात, त्याला होख स्यून म्हणतात, आणि अंगात फेरन म्हणजे लांब घोळदार झगा, फेरनच्या आत कांगडी म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी.

म्हणून माझं मत असं झालंय की थंडी हा पैशाने आणि कपड्याने सुटणारा प्रश्न आहे, हिवाळा नाही. हिवाळा म्हणजे अंधार, कोरडेपणा आणि घरात कोंडून राहणं, आणि ते सलग चार-पाच महिने. आपल्या लोकांची तयारी मात्र सगळी थंडीची असते, बॅगेत सहा स्वेटर नि अंधारासाठी काहीच नाही.

तरी कपड्यांचं आधी उरकून टाकू. एक जाडजूड स्वेटर घेण्यापेक्षा तीन थर. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. आतला थर सुती नको, हे आपल्याला पटायला सगळ्यात अवघड जातं कारण आपलं सगळं आयुष्य कॉटनवर गेलंय. पण सुती कापड घाम शोषून ओलं राहतं आणि ओलं कापड अंगातली उष्णता पळवतं. बूट एक नंबर मोठे, म्हणजे जाड मोज्यात बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात हवा राहत नाही आणि रक्तही पोचत नाही. बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र असलेले जास्त उबदार. आणि दुकानात शिरल्या शिरल्या जॅकेट उघडायचं, आत घाम आला की बाहेर पडल्यावर तोच घाम छळतो. खरेदी तिकडेच करा, इथे मिळणारं जॅकेट मनालीच्या चार दिवसांसाठी बनवलेलं असतं, वेगळा प्रकार आहे तो. बर्फावर चालताना छोटी पावलं, तळवा पूर्ण टेकवून, हात खिशात नाहीत. साठीच्या माणसाला थंडीपेक्षा घसरून मोडलेल्या मनगटाची भीती जास्त. आणि काकांनी उत्साहात फावडं घेऊन बर्फ उपसायला जाऊ नये, गारठ्यात आधीच रक्तवाहिन्या आवळलेल्या, त्यात एकदम जोर, हृदयावर ताण येतो.

तिकडच्या बातम्यांत दोन आकडे सांगतात, एक तापमान आणि एक ‘फील्स लाइक’. वाऱ्यामुळे. उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. हा दुसरा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, म्हणून कान, नाक, गाल झाकायचे. मावशीची माकडटोपी न्यायला हरकत नाही, फक्त ‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ हे खरं नाही, डोक्यातून जाते ती दहा टक्क्यांच्या आसपास, जेवढा त्याचा शरीरातला वाटा. कान गोठतात हे मात्र खरं.

कोरडेपणाचं गणित मला फार आवडतं. हवा जितकी थंड तितकं पाणी कमी धरते. उणे १५ डिग्रीच्या हवेत एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त दीड ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. तीच हवा घरात आली आणि हीटरने २१ डिग्री झाली, आता तिच्यात अठरा ग्रॅम मावतं पण आहे दीडच. म्हणजे दमटपणा दहा टक्क्यांच्याही खाली, वाळवंटापेक्षा वाईट. घरातल्या स्वयंपाकाने, आंघोळीने, श्वासाने थोडा वाढतो तेवढाच. म्हणून नाकातून रक्त येतं, टाचा फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. ठाण्यात पावसाळ्यात पापड सादळतात त्या हवेत आयुष्य काढलेल्या कातडीला हा धक्काच असतो. ह्युमिडिफायर, आंघोळ कोमट आणि थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन. नाकात तुपाचं बोट फिरवायची सवय तिकडे कामाला येते. फ्लूचे विषाणूही थंड कोरड्या हवेत जास्त टिकतात आणि सगळे बंद खोल्यांत, म्हणून तिकडे फ्लू हिवाळ्यात. आपल्याकडे तो जोर पावसाळ्यात करतो, ओले केस बिचारे उगाच बदनाम आहेत.

आणि आता अंधार. ठाण्यात वर्षातला सगळ्यात छोटा दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा, आपल्याला फरक जाणवतच नाही. विनिपेगला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेत, आपण कुकर लावून व्हिडिओ कॉल करतो, तिकडे सकाळचे आठ आणि बहिणीच्या मागच्या खिडकीत अजून काळोख. दुपारी साडेचारला परत अंधार. मेंदूला दिवस सुरू झाल्याची खूण मिळते ती सकाळच्या उजेडातून, ती उशिरा आली की झोपेचं, भुकेचं, मूडचं वेळापत्रक घसरतं. मूळचे जोहान्सबर्गचे डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल न्यूयॉर्कला राहायला आले, आणि हिवाळ्यात आपणच मंदावतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लक्षणं आपल्या ओळखीच्या नैराश्यापेक्षा जरा उलटी, झोप जास्त, गोड-पिठूळ खायची इच्छा जास्त, वजन वाढतं, कुणाला भेटू नये वाटतं, आणि मार्च-एप्रिलात आपोआप कमी होतं. म्हणून लोकांना वाटतं आपण आळशी झालोय.

उपाय उजेडाचाच. उजेड मोजतात लक्समध्ये, घरातल्या ट्यूबखाली तो २००-३०० लक्स असतो, बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा काही हजार, आणि उन्हात पन्नास हजारांच्या वर. डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला हा फरक केवढा मोठा आहे ते कळत नाही. तिकडे १०,००० लक्सचे खास दिवे मिळतात, सकाळी उठल्यावर तासाभरात वीस ते तीस मिनिटं त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा, दिव्याकडे रोखून बघायचं नाही. डोळ्यांचा आजार असेल किंवा बायपोलरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन आठवड्यांच्या वर मन उतरलेलं राहिलं, खाणंपिणं-काम सुटायला लागलं तर दिव्यावर अवलंबून न राहता सरळ डॉक्टर, आणि बाळंतीण असेल तर आणखी लवकर, कारण बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि अंधार एकत्र आले तर ‘होतं असं’ म्हणत दिवस जातात. मावशीला मी हे दोनदा सांगितलंय. नॉर्वेत ऱ्यूकान नावाचं गाव दरीत आहे, सप्टेंबर ते मार्च तिथे थेट ऊन पोचतच नाही, तर त्यांनी २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, सूर्याबरोबर फिरणारे, आणि ऊन खाली चौकात पाडलं. लोक तिथे खुर्च्या टाकून बसतात.

ऊन दिसलं तरी हिवाळ्यात तिथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, सूर्य इतका खाली असतो की लागणारे किरण वाटेतच अडतात. बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एडमंटनला ऑक्टोबर ते मार्च कातडीत ते तयारच होत नाही असं १९८८ च्या अभ्यासात दिसलं होतं, विनिपेग या दोघांच्या मधलं. आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही जास्त वेळ लागतो. तेव्हा जायच्या आधी तपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढ्या गोळ्या, मनाने नाही.

मनाचाही भाग आहेच, पण तो ‘पॉझिटिव्ह राहा’ टाइपचा नाही. केरी लीबोविट्झ ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेत ट्रॉम्सोला गेली, जिथे दोन महिने सूर्य उगवतच नाही, तिने विचारलं लोकांना हिवाळ्याबद्दल काय वाटतं, तर जितकं उत्तरेला जावं तितकं लोकांचं मत चांगलं होत गेलं. कारण ते हिवाळ्यात काहीतरी करतात, स्कीइंग, मेणबत्त्या, मित्र, जेवणं. विनिपेगला नद्या गोठतात त्यावर स्केटिंगचा रस्ता तयार करतात. फिनलंडमध्ये साडेपंचावन्न लाख माणसांना तीसेक लाख सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, आहेत. आपल्याकडे पनवेल-अलिबागला पोपटी लावतो तेव्हा थंडीत उघड्यावर, मातीचं मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, आणि कुणालाच थंडी वाजत नसते बघा. बहिणीला मी तेच म्हटलं, दुपारी एक वाजता वीस मिनिटं बाबागाडी घेऊन बाहेर, डॉक्टर हो म्हणत असतील त्या दिवशी, आणि आठवड्यातून एकदा कुणाला तरी जेवायला बोलव.

डिंकाचे लाडू न्या, बाजरीचं पीठ न्या, तूप-मेथी सगळं न्या. जेवण पचवताना शरीर थोडी उष्णता तयार करतं हे खरं, पण बाजरी ‘उष्ण’ म्हणून तिच्यात वेगळी काही जादू आहे असं मला नाही वाटत, थंडीत भूक लागते आणि भाकरी-तुपात ताकद असते, एवढं पुरेसं आहे. ब्रँडीने मात्र फसू नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं, आणि नेमकी त्याच वाटेने आतली उष्णता निघून जाते.

आणि हे वाचणारे जे ठाण्यातच राहणार आहेत त्यांच्यासाठी एकच जीवावरची गोष्ट. थंडीत आपण बाथरूमची खिडकी लावून घेतो आणि आत गॅस गिझर चालू. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड, चक्कर, मळमळ, आणि माणूस खाली. गिझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, आत असेल तर खिडकी उघडी, बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळ. पोरं आत असताना तर दार आतून लावायचंच नाही. बंद खोलीत शेगडी, कोळसे, हे पण अजिबात नको.

मावशीचं परतीचं तिकीट एप्रिलचं आहे आणि त्याची काळजी मला जायच्या तिकिटापेक्षा जास्त वाटतेय. पाच महिने २१ डिग्रीच्या घरात राहून ती थेट ठाण्याच्या उन्हाळ्यात उतरणार, घामाची सवय गेलेली असेल आणि ती परत यायला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस दुपारी अकरा ते चार बाहेरची कामं नाहीत, गॅसपाशी उभं राहून पुरणपोळ्या नाहीत, पाणी-ताक-सरबत तहान लागायच्या आधीच, आणि तिची बीपीची गोळी लघवी जास्त करणारी आहे म्हणून डॉक्टरांची अपॉइंटमेंट आत्ताच, आल्याच्या दुसऱ्या दिवसाची घेऊन ठेवलीये.